शेटाच्या लेकीचं नाक

मला गोष्ट सांगायला लावू नका, असं मी घसा फाडून सांगितलं. ऐकतंय कोण? सूनबाई म्हणते, "मामंजी, एखादी बोधाची गोष्ट लिहून द्या, लहानथोर सगळे वाचतील." बोध काय मेथीची जुडी आहे, मागितली की दिली? चौथी नापास माणूस मी. पण घरात राहायचं तर सुनेचं ऐकावं लागतं, म्हणून लिहितो. गोष्ट गोड नाही. गोड पाहिजे असेल त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकावा आणि दुसरीकडे जाऊन बसावं.

तर ऐका. कुणाच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या मागे, डोंगरांपलीकडे एक राज्य होतं.

तिथल्या राजाला एकच शिक्षा ठाऊक. चोरी केली, काप नाक. खोटं बोलला, काप नाक. राजाच्या घोड्याला वाट दिली नाही, काप नाक. आणि राजा असा, तर प्रजा काय वेगळी निपजणार? नवरे बायकोवर संशय घ्यायचे आणि विळा उचलायचे. भाऊबंद बांधावरून भांडायचे आणि विळा उचलायचे. त्या राज्यात पदरानं, पंच्यानं तोंड झाकून चालणारी माणसं फार.

म्हणूनच तिथे नदीकाठच्या एका गावात नाक जोडणाऱ्या वैद्यांचं घर होतं. बापाकडून मुलाकडे आलेली विद्या. झाडाचं पान घ्यायचं, नाकाच्या मापानं कापायचं, कपाळावर ठेवून त्याभोवती रेघ ओढायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मध्ये देठ ठेवायचा, म्हणजे तिच्यातला जीव जात नाही. मग ती खाली वळवून नाकाच्या जागी शिवायची आणि श्वासासाठी एरंडाच्या दोन नळ्या बसवायच्या. कातडी धरली, की माणूस पुन्हा माणसांत.

काम पुण्याचं, पण दुखणं जीवघेणं. अफूच्या बोंडांचा काढा पाजला तरी माणूस उसळायचा. म्हणून डोकं धरायला कुणीतरी लागायचं. मांडीवर डोकं घ्यायचं, दोन्ही हातांनी कानशिलं धरायची आणि काम होईपर्यंत सोडायचं नाही. हे काम वैद्याची थोरली बहीण करायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. तरणेपणी नवरा गेला, माहेरी आली, बापाच्या हाताखाली डोकी धरू लागली. बाप गेला, धाकटा भाऊ वैद्य झाला. मांडी मात्र आक्काचीच राहिली.

बापानं दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. एक, पाऊसकाळात हत्यार काढायचं नाही. ओल्या हवेत कातडी सडते. दुसरी, डोकं मांडीवर आलं की आधी विचारायचं, "तुझं काय गेलं?" त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, बरोबर आलेल्या शहाण्यानं नाही. त्यानं सांगितलं, "माझं नाक गेलं," की मगच पान कपाळावर ठेवायचं.

आक्काला ते उत्तर ओळखू यायचं. कुणी ओरडून सांगायचं, कुणी पुटपुटायचं. पण सांगितलं की मांडीवरचं डोकं जड व्हायचं, आपणहून टेकायचं. ज्याचं गेलंय ते माणूस दुखणं मागून घेतं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग माणसांची अक्कल आडवी आली.

झालं काय, वैद्याचा हात पडला सुबक. त्यानं जोडलेली नाकं कधीकधी मूळच्यापेक्षा देखणी दिसायची. बाजारात बायका बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, तुटक्याचं एवढं छान होतं, तर धडाचं किती छान होईल!"

बघा अक्कल! जळलेलं घर पुन्हा चांगलं बांधलं, म्हणून कुणी आपलं धड घर पेटवून देतं का? पण त्या राज्यात हे वाक्य शहाणपणाचं म्हणून फिरू लागलं.

पहिली आली एका सरदाराची तरुण बायको. नाक तिचं चांगलं सरळ, पण तिला आणखी टोकदार पाहिजे होतं. थंडीचे दिवस होते. वैद्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुझं काय गेलं?"

ती हसली. "गेलं काही नाही, वैद्यबुवा. मिळवायचंय."

वैद्यही हसला. आक्का नाही हसली.

"अरे, हिचं धड आहे," ती म्हणाली. "धडावर हत्यार चालवायचं नसतं."

"आक्का, ती राजीखुशीनं आलीये. हाताला धरून कुणी आणलंय का तिला?"

आता राजीखुशीला काय उत्तर द्यायचं? आक्कानं डोकं धरलं. आणि नाक सुरेख झालं. पहिली चूक नेहमी सुरेखच उतरते. ती फसली असती तर दुसरी झाली नसती.

मग रीघ लागली. वैद्याच्या दारात पालख्या उभ्या राहू लागल्या. कुणाला नाक बारीक पाहिजे, कुणाला लांब, कुणाला शेजारणीसारखं. वैद्य आहे ते नाक तासायचा आणि त्यावर कपाळाची कातडी चढवायचा. रिवाजाचा प्रश्न आधी घाईत विचारला जाऊ लागला, मग उत्तर न ऐकताच विचारला जाऊ लागला, आणि मग बंदच झाला.

सगळीच कामं काही साधत नव्हती. एका सावकाराच्या नाकावर केस उगवले, कारण कातडी पार केसांच्या कडेवरून घेतली होती. तो रोज सकाळी न्हाव्यापुढे नाक धरून बसायचा. एका बाईचं नाक चित्रासारखं दिसायचं, पण झोपली की लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज. नवरा गोठ्यात झोपायला गेला. एकीची भुवई वर ओढली गेली ती कायमची. नवऱ्याचं मढं निघालं तेव्हाही बाई नवल करत असल्यासारखीच दिसत होती. पण हे बाहेर कुणाला कळणार? साधलेली नाकं जत्रेत मिरवायची, फसलेली घरात दार लावून बसायची. आणि वैद्य विचारणाऱ्याला साधलेलीच दाखवायचा.

"फसलेलीही सांग ना," आक्का म्हणायची.

"भिववून माणूस बरं होत नाही, आक्का."

"आजारी कोण आहे इथे, बरं व्हायला?"

वैद्य उठून दाराकडे जायचा. बाहेरच्या नव्या पालखीचे भोई घाम पुसत असायचे.

आणि ओट्यावर कोण बसलं होतं? ओट्यावर एक कुंभारीण बसली होती. नवऱ्यानं दारूच्या नशेत नाक उडवलेलं. पदर तोंडावर घट्ट, पाणी प्यायचं तरी भिंतीकडे वळून. वैद्य तिला सांगायचा, "आज नाही बाई, उद्या बघू." उद्याला पालखी यायची. कुंभारीण पुन्हा भिंतीकडे वळायची. तिच्याशेजारी आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या. धडांना गादी आणि मोडलेल्यांना ओटा! हे लिहिताना माझं डोकं फिरतं. फिरू द्या. तुमचंही फिरलं पाहिजे.

अशात नगरशेटाच्या घरी दिवाणाकडची मंडळी मुलगी बघायला आली.

शेटाची एकुलती लेक. अंगानं धट्टीकट्टी, कामाला वाघीण, बोलायला लागली की थांबायची नाही. नाक तेवढं बसकं. हसली की ते आणखी पसरायचं, आणि ती तर दिवसभर हसायची. दिवाणाच्या बायकोनं शेटाच्या घरची पुरणपोळी हाणली, वर तूप मागून घेतलं, पान तोंडात कोंबलं आणि म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो. पण नाकाशी येऊन सगळं अडतंय."

शेटाणीच्या काळजात ते बसलं. ती म्हणाली, "नाकाचं काय ते आम्ही करतो. तुम्ही मुहूर्त धरा."

आणि मुहूर्त धरला. तुळशीचं लग्न लागलं की त्यानंतरचा पहिलाच. भटजीनं पंचांग बघितलं, ग्रह बघितले, गुण जुळवले. कातडीला विचारलं का कुणी, की बाई, तुला सवड कधी आहे? जखम पंचांग बघून भरत नसते. पण मुहूर्त आधी, मग माणूस, ही आपली रीत. मुहूर्त कार्तिकातला, म्हणजे हत्यार भाद्रपदात. बाहेर धार लागलेली, भिंतींना ओल, उंबऱ्यावर माश्या.

वैद्य आधी कचरला. "शेटाणीबाई, पाऊसकाळात आमच्याकडे हत्यार काढत नाहीत. थंडीत या."

"थंडीत येऊन काय करू? वरात दारावरून निघून गेल्यावर?" शेटाणी म्हणाली. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. पलीकडच्या गावात कुणी नवा वैद्य आलाय म्हणतात."

झालं. एवढ्यावर वैद्य विरघळला. कारागिराला 'जमत नाही' म्हटलं की त्याची बुद्धी पाठ फिरवते.

आदल्या दिवशी शेटाची लेक वैद्याच्या घरी आणून ठेवली. आई बाहेरच्या खोलीत गादीवर, लेक आत आक्काजवळ. आक्का चिंध्या उकळत होती. पोर तिच्याशेजारी उकिडवी बसून चुलीत काटक्या सारत होती.

"आक्का, नवं नाक आलं की शिंकता येईल ना?"

"येईल की."

"आणि सर्दी झाली तर? ओढायला तेवढंच दमदार पाहिजे हं. आमच्या घरी मी नाक ओढलं की मांजर पळतं."

आक्काला हसू आलं. हसता हसता तिनं चिंध्या ढवळायचं थांबवलं.

"तुला पाहिजे का गं हे?" तिनं हळूच विचारलं.

पोरगी काटकीनं राख उकरत राहिली. "मला कशाला? मला तर माझं नाक दिसतसुद्धा नाही. आईला दिसतं. ती रडते. मग म्हटलं, जाऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे." मग मान वर करून म्हणाली, "खूप दुखतं का?"

आक्काच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण भावानं बजावलं होतं, पोरीला भिववू नकोस. बाहेर आई बसली होती. मुहूर्त धरलेला होता.

"थोडं," आक्का म्हणाली.

सकाळी पोरीला काढा पाजला. आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. वैद्यानं पान कापलं. कपाळावर गार पान लागलं तशी पोरगी दचकली.

"नको," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. "आक्का, नको. मला घरी जायचंय."

वैद्याचा हात थांबला.

दाराआडून शेटाणी ओरडली, "धरा घट्ट! लहान आहे अजून, कळत नाही तिला. पुढे आमचे पाय धुऊन पाणी पिईल!"

मांडीवरचं डोकं टेकलं नव्हतं. ते मासोळीसारखं वळवळत होतं. आक्कानं आयुष्यभर डोकी धरली होती, तिला माहीत होतं की हे डोकं सोडायचं आहे. एवढंच करायचं होतं तिला, हात उचलायचे होते. पण वैद्य बघतोय, शेटाणी ओरडतेय, पालखी दारात उभी. आणि सगळे एका बाजूला असले की आपले हातही त्यांच्याच बाजूला जातात.

आक्कानं धरलं. घट्ट धरलं.

वैद्यानं नाक केलं मात्र देखणं. शेटाणीनं आत येऊन बघितलं आणि म्हणाली, "बाई गं, कसं दिसतंय!" रक्तानं भिजलेल्या पोरीकडे बघून तिला एवढंच सुचलं.

पुढे व्हायचं तेच झालं. हवा ओली. नव्या नाकाचं टोक आधी जांभळं झालं, मग काळं. खोलीत वास येऊ लागला. तो वास आक्काला आधी आला. ती भावाला म्हणाली, "हे गेलं." वैद्य म्हणाला, "टिकेल, टिकेल," आणि लेप बदलला. पोरगी तापानं फणफणली. तिचं रक्त नासू लागलं होतं. शेटाणी आता आत येत नव्हती, तिला वास सोसत नव्हता. तिनं दासी पाठवून विचारलं, "मुहूर्तापर्यंत होईल ना?"

वाचलंत? पोर मरायला टेकली होती आणि आई मुहूर्ताचं विचारत होती.

शेवटी वैद्याला ती कातडी काढून टाकावी लागली. तासलेलं जुनं नाकही तिच्याबरोबर सडलं होतं. जीव वाचला, तो आक्कानं रात्रंदिवस उशाशी बसून वाचवला. पण पोरीच्या तोंडावर मधोमध दोन भोकं राहिली, आणि कपाळावर हा एवढा चट्टा.

ताप उतरल्यावर तिनं हातानं चाचपून बघितलं. आरसा मागितला नाही. वैद्य समोर आला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आधी लोकांना काहीतरी विचारायचात ना? मी तापात होते तेव्हा आक्का सांगत होती. विचारा की आता मला."

वैद्य लेपाची वाटी ढवळत राहिला.

"बरं, नका विचारू. मग पुन्हा जोडा. ओट्यावरच्या बायांचं जोडतात तसं."

वैद्यानं खाली बघूनच सांगितलं, "पोरी, जोडायला कपाळाची कातडी लागते. तुझी वापरून झाली. कपाळ एकच असतं."

हे त्याला आधी माहीत नव्हतं का? होतं. प्रत्येक धड नाकवालीला हे सांगायला हवं होतं, की बाई, देवानं अडीनडीला म्हणून कपाळावर तेवढी एकच ठिगळाची जागा ठेवलीये. हौसेला उधळलीस तर खऱ्या संकटाला काही उरणार नाही. पण हे सांगितलं असतं तर पालख्या परत गेल्या असत्या.

दिवाणाकडून निरोप आला, लग्न मोडलं. तेव्हा कुठे नगरशेट जागा झाला. लेकीचं नाक गेलं तेव्हा नाही, सोयरीक गेली तेव्हा! तो राजापुढे गेला आणि म्हणाला, न्याय पाहिजे.

दरबार भरला. राजा एव्हाना म्हातारा झाला होता, पण शिक्षा तीच. "नाकाला नाक," तो म्हणाला. "हिचं कुणी नेलं ते सांगा, त्याचं कापतो. मला जेवायला जायचंय."

वैद्य पुढे झाला. "महाराज, मी माझ्या मनानं काही केलं नाही. शेटाणीबाई म्हणाल्या म्हणून केलं."

शेटाणी उसळली. "मी काय हौसेनं म्हटलं? दिवाणाच्या घरचे म्हणाले, नाकाशी अडतंय!"

दिवाणाची बायको पदर सावरत म्हणाली, "अगंबाई, मी साधं बोलून गेले. सगळ्याच म्हणतात तसं. मी काय हत्यार घ्या म्हटलं होतं?"

दिवाण म्हणाला, "बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही."

शेट म्हणाला, "मी दुकानात होतो."

भटजी न विचारताच म्हणाला, "मी फक्त मुहूर्त काढून दिला."

बघा! पोरीचं नाक गेलं आणि नेलं कुणीच नाही. आपोआप उडून गेलं असणार, चिमणीसारखं!

तेव्हा मागून आक्का पुढे आली.

"मी नेलं," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर ही नको म्हणाली. मी ऐकलं. मी हात सोडले असते तर कुणाची सुरी चालली नसती. मी सोडले नाहीत. कापा माझं."

दरबारात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. स्वतःच्या धड नाकांनी. मानकरी म्हणाले, चला, एक सापडली. राजानं हात उचलला.

"थांबा," शेटाची लेक म्हणाली. तोंडावरचा पदर तिनं काढला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे झाकले.

"महाराज, हिचं नाक कापून माझं उगवणार आहे का? तुमच्या राज्यात कापणारे ढिगानं आहेत. जोडणारा हा एकच, आणि त्याची माणसं धरणारी ही एकच. ह्यांची नाकं घेतलीत, तर ओट्यावर ज्या बसल्यात त्यांनी कुणाकडे जायचं? तुमच्याकडे?"

राजाला असं कुणी बोललं नव्हतं. त्याचं जेवण राहिलं ते राहिलंच.

"मग तुला काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"वैद्यानं आधी ओटा रिकामा करावा. मोडलेल्यांचं आधी. आणि मला त्याच्या दारात बसू द्यावं. अशी, उघड्या तोंडानं. मला कुणी उठवायचं नाही. जी पालखी येईल तिनं मला बघून मग आत जावं."

"एवढंच?"

"एवढं पुरे आहे."

मी तिथे असतो तर एवढ्यावर सोडलं नसतं. वैद्याला, शेटाणीला, दिवाणाच्या त्या पानखाऊ बायकोला आणि भटजीला, चौघांना ओळीनं उभं केलं असतं. पण पोर माझ्यापेक्षा शहाणी होती. राजानं कबूल केलं.

थंडी पडली. कुंभारणीचं डोकं आक्काच्या मांडीवर आलं. आक्कानं कानशिलं धरली. वैद्यानं मान खाली घातलेली. प्रश्न शेटाच्या लेकीनं विचारला, दारातूनच. कुंभारणीनं उत्तर दिलं आणि तिचं डोकं मांडीवर टेकलं, जड झालं. तेव्हा आक्का रडली. हात मात्र तिनं हलू दिले नाहीत.

पालख्या यायच्या थांबल्या का? लगेच नाही. माणसाची जात एवढी सोपी कुठली! एक जहागीरदारीण आली, दारात पोरीला बघून म्हणाली, "ही कोण गं अवदसा?"

"मी कालची तुम्ही," पोरगी म्हणाली. "या, बसा. काय करून घ्यायचंय? वैद्य साधलेली सांगतील, फसलेली मी सांगते."

ती जहागीरदारीण पालखीतून उतरलीच नाही. भोयांनी तिथल्या तिथे पालखी फिरवली. मग दुसरीची फिरली, मग तिसरीची. वैद्य म्हातारा होईपर्यंत मोडलेली नाकं जोडत राहिला. पण स्वतःच्या दारातून जाता-येता त्यानं कधी मान वर केली नाही. त्याचं नाक जागेवर होतं. ते वर करायची सोय तेवढी राहिली नव्हती.

एक दिवस शेटाणी आली. बरोबर रेशमी शेला आणला होता, जरीच्या काठाचा. दारात उभी राहून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, किती दिवस अशी बसणार? लोक नावं ठेवतात आम्हाला. हा घे, तोंड झाक आणि घरी चल."

पोरीनं शेल्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. ओट्यावरच्या बायांनी माना वळवल्या.

"आई, हा तुलाच राहू दे," ती म्हणाली. "मी कशाला झाकू? मी काय केलंय?"

शेटाणीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. ज्यांची नाकं नव्हती त्याही. तिला ते डोळे सोसेनात. तिनं शेला उलगडला, डोक्यावरून घेतला, हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि तशीच भिंतीला हात लावत लावत पायी घरी गेली. भोई रिकामी पालखी घेऊन तिच्या मागून चालत गेले.

बोध पाहिजे होता ना? हा घ्या: मोडलेलं जोडणं हा धर्म आहे, धडात खोड काढून त्यावर हत्यार चालवणं हे पाप आहे, आणि ते पाप चालवणाऱ्याचं, चालवायला लावणाऱ्याचं आणि गप्प बसून डोकं धरणाऱ्याचं, तिघांचंही असतं.

झाली गोष्ट. आता मला कुणी काही विचारायचं नाही. आणि माझ्या धाकट्या लेकीला बघायला येऊन, माझ्याच घरची बासुंदी वाट्यावर वाट्या रिचवून, जाताना उंबऱ्यात तिच्या नाकावरून दात काढणारा माणूस अजून माझी माफी मागायचा राहिलाय. हे त्यालाही कुणीतरी वाचून दाखवा. खालच्या आळीत राहतो. निवृत्ती खरमाटे.